डार्क मॅटर शोधणारी कुसुम

मंडळी, आज गांधीबागेच्या बाजारात, दुकानात साडी घेताना कुसुम भेटली, चाळीस वर्षांनी! ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी याच शहरात एमएस्सी फिजिक्सला होतो. विश्वातलं न दिसणारं डार्क मॅटर शोधायचं, असं दोघींनी ठरवलं होतं. ती परदेशी गेली. बाबा आजारी पडले म्हणून मी इथेच राहिले, शाळेत शिकवू लागले.

"सापडलं का वं ते?" मी विचारलं.

"नाही नं! जन्मभर अ‍ॅक्सिलरेटरच्या मोठ्या यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आदळून पाहिले, त्यातून ते निघते का म्हणून. ते कुठं कुठं नाही, एवढंच कळलं."

"वाईट नाही वाटत तुले?"

"काहून वाटन? रोज सकाळी वाटे, आज भेटन."

इतकी वर्षं मी तिचा हेवा केला. आज हात धरून तिला ते सांगून टाकलं. दुकानातच दोघी रडलो.

तुमचंही कुणाला काही सांगायचं राहिलंय का?