काठ अजून जागा

लॉन्ड्रीत इस्त्री फिरवता फिरवता ती मनातल्या मनात कविता रचायची. जुन्या कवींचं नाव काढलं की नाक मुरडायची. "उसनं काही नको बाई, माझं ते माझंच," असं ठणकावून सांगायची. नवरा तिला चिडवायला 'कवीमहाराज' म्हणायचा.

पुस्तक छापून आलं, तेव्हा पहिली प्रत घेऊन ती आत्याकडे धावली. ती दोन वर्षांची असताना आई गेली होती आणि आत्यानंच तिला लहानाचं मोठं केलं होतं. आत्याला आता दिसत नव्हतं, म्हणून तिनं आपली सगळ्यात लाडकी कविता वाचायला घेतली.

"निजू नको पाण्या..."

"काठ अजून जागा," आत्या सहज म्हणाली.

ही कविता तिनं घरातही कुणाला ऐकवली नव्हती.

"आत्या, तुला कशी ठाऊक?"

"अगं, तुझी आई तुला हेच म्हणत झोपवायची. तिच्या आईकडून आलेलं."

आईचा चेहरासुद्धा तिला आठवत नव्हता, आणि आपली म्हणून छापलेली ओळ आईची निघाली होती.

तिनं भीतभीत विचारलं, "पुढे काय होतं?"

"पुढचं कुठं ठरलेलं असायचं? तेवढी एकच ओळ जुनी. बाकीचं ती रोज नवीन जुळवायची. तुझं काय आहे पुढे? वाच की!"

तिनं पान सरळ धरलं आणि वाचू लागली.