द्वारका सिस्टरचा फ्रीज

द्वारका सिस्टर ज्याच्यावर डूख धरायच्या, त्याच्याकडे मुद्दाम जाऊन चहा मागायच्या. चहा आला की कप समोर ठेवून गप्पा मारत बसायच्या. केळीच्या बागा, कुणाकुणाची लग्नं, वांग्याच्या भरताला कुठल्या गावचं वांगं चांगलं, असलं काहीही. समोरचा दोनदा तरी म्हणायचा, सिस्टर, चहा निवतोय. त्या 'हो हो' म्हणायच्या. कपावर साय धरली की पदर सावरून उठायच्या आणि चहाला बोटही न लावता चालू लागायच्या. आमच्या खानदेशात माणूस एक वेळ शिवी विसरेल, पण आपल्या घरातून असा टाकून दिलेला चहा विसरत नाही. सिस्टरना ते पक्कं ठाऊक होतं.

मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं कंपाउंडर होतो. मी नशिराबादचा, त्या यावलकडच्या, आणि नोकरी मात्र दोघांची पार पश्चिमेला, पाण्यावर. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. गुजरातेतल्या उकाईच्या धरणाचं पाणी तापीतून मागे सरकत आपल्या हद्दीत आलं होतं. त्या फुगवट्याच्या काठाला, टेकड्यांवर भिल्लांचे पाडे विखुरलेले. तिथं रस्ता जात नव्हता, म्हणून दवाखाना बोटीवर. बोट चालवायला हिलालभाऊ, गोळ्या-मलम वाटायला मी, आणि बाकी सगळं म्हणजे द्वारका सिस्टर. एरवी त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या. पण बोलण्यात 'मले' आणि 'तुले' सुरू झालं की हिलालभाऊ हळूच उठून इंजिनापाशी जाऊन बसायचे.

लस ठेवायला बोटीवर फ्रीज होता. वीज नव्हती, म्हणून रॉकेलवर चालणारा. खाली वात पेटवायची, ज्योत निळी ठेवायची, मागच्या नळीतून धूर वर जायचा आणि आतल्या कप्प्यात गारवा धरायचा. असा फ्रीज जरा कलला की रुसतो. म्हणून सिस्टरनी त्याच्या डोक्यावर पाण्याची बशी ठेवली होती. बशीतलं पाणी एका काठाला सरकलं की हिलालभाऊ पायाखाली पाचर ठोकायचे. खाली आग आणि वर गार, हे कोडं नव्या माणसाला सुटायचं नाही. सिस्टर त्याला सांगायच्या, "काही जण बुडाखाली जाळ लागल्याशिवाय थंड होत नाहीत. मी त्यातलीच."

तो फ्रीज म्हातारा झाला. दाराचं रबर चिरलं, पत्रा गंजला, वात चढवून चढवून काजळी धरायची पण गारवा धरायचा नाही. सिस्टरनी नवा फ्रीज मागायला पत्रावर पत्र लिहिलं. ती पत्रं ज्याच्या टेबलावर जायची तो जिल्ह्याच्या भांडाराचा माणूस. त्याचं खरं नाव मी लिहीत नाही, वसंतराव म्हणू. पण छे, रावही कशाला? मी त्याला वसंत्याच म्हणणार. सूड म्हणून माझ्या हातात आता तेवढंच उरलंय. तर हा वसंत्या उत्तर पाठवायचा की आपला फ्रीज चालू स्थितीत असल्याचे समजते. कुणाकडून समजते, देव जाणे. हिलालभाऊंना ते उत्तर वाचून दाखवलं तेव्हा ते फ्रीजवर थाप मारून म्हणाले, "हाई फ्रीज नही शे, कपाट शे."

एका उन्हाळ्यात डोंगरावरून चाळीसेक बाया पोरं घेऊन आल्या. पहाटे निघून चालत आल्या होत्या. सिस्टरनी फ्रीज उघडून आतलं थर्मामीटर बघितलं. पारा आठच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम. तो चौदावर होता, आणि किती दिवस तसा होता कुणास ठाऊक. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी बाटली उजेडात धरली, फिरवून बघितली. लस मेली तरी दिसायला तशीच दिसते, नासल्या दुधासारखी फाटून दाखवत नाही. सिस्टरनी बाहेर उन्हात बसलेल्या बायांकडे पाहिलं, आणि टोचायला सुरुवात केली.

त्या हिवाळ्यात गोवर आला. टोचलेल्या पोरांनाही आला. बरीच उठली. मोगीबाई नावाच्या बाईची दीड वर्षाची रंगी उठली नाही.

खरं सांगतो, आम्ही गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. गोवर म्हणजे देवीचा कोप, असंच पाड्यावर सगळे धरून चालले होते. पण सिस्टर टेकडी चढून गेल्या, मी मागे. मोगीबाई दारात डाळ पाखडत होती. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी दिलेली सुई मेलेली होती. मला शंका होती, तरी दिली." मोगीबाईनं सूप खाली ठेवलं. आत गेली आणि कुडाचं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून बोट लागली की ती काठावर यायची, दोन हातांच्या अंतरावर उभी राहून सिस्टरकडे बघायची आणि पाठ फिरवून वर निघून जायची. दर खेपेला. सिस्टर मान खाली घालून आपलं काम करायच्या. माझा जीव तुटायचा, आणि वसंत्याचा असा काही राग यायचा की दात दुखायचे.

चैत्रात धुळ्याच्या भांडारातून नेहमीच्या छापील नमुन्यातलं एक पत्र आलं. 'आपणास नवीन फ्रीज देण्यात आलेला असल्याने जुना फ्रीज त्वरित जमा करावा.' मी दोनदा वाचलं. सिस्टरनी एकदाच वाचलं आणि घडी घालून पाकिटात ठेवलं. म्हणजे फ्रीज आला होता! कागदावर तो बोटीवर चढलासुद्धा होता. सिस्टर धुळ्याला जाऊन आल्या. भांडारात काही विचारलं नाही, सरळ वसंत्याच्या घरी गेल्या आणि चहा मागितला. तो टाकून परत आल्या, तेव्हा डोळे चमकत होते. नवा फ्रीज वसंत्याच्या बैठकीत होता, वर भरतकामाचा रुमाल आणि प्लास्टिकची फुलं. रॉकेलवरही चालतो नि विजेवरही, म्हणून घरात तारेला जोडून मजेत चाललेला. कडेला रंगानं काढलेला आमच्या बोटीचा नंबरही त्यानं खरवडला नव्हता. कोण बघायला येतंय?

मी म्हटलं, तक्रार करू. सिस्टर म्हणाल्या, "तक्रार त्याच्याच टेबलावरून जाते. आखाजीला जाऊ."

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. माहेरवाशिणी येतात, जावई येतात, पितरांच्या नावानं नवी घागर भरून पुजतात, आणि जेवायला पुरणपोळी नि आंब्याचा रस. ऊन असं की भिंतीला हात लावता येत नाही. नेमक्या त्या दिवशी सकाळी नऊला आम्ही टेम्पोतून जुना फ्रीज वसंत्याच्या दारात उतरवला. हिलालभाऊ, मी आणि दोन हमाल. सिस्टर पांढऱ्या कडक इस्त्रीच्या साडीत, हातात बर्फातला लसीचा डबा. वसंत्या पाटावर बसून अभ्यंगाचं तेल चोळत होता. सिस्टर म्हणाल्या, "जुना जमा करायला आले. पत्र आहे तुमचं."

तो उठायच्या आत त्या बैठकीत शिरल्या. फ्रीज उघडला. आत रसाचं भलंमोठं पातेलं, बर्फाचे ट्रे, पाण्याच्या बाटल्या. एकेक वस्तू बाहेर काढून त्यांनी उन्हाच्या ओट्यावर ओळीनं मांडली. मग लसीच्या बाटल्या आत लावल्या, थर्मामीटर ठेवलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. "सरकारी लस आहे. पंचनामा होईपर्यंत दार उघडायचं नाही," म्हणाल्या, आणि फ्रीजला पाठ लावून खुर्चीवर बसल्या. वसंत्या हसला, मग हात जोडले, मग आवाज चढवला. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या की जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांना एक वाजता जेवायला बोलावलंय. बोलावणं वसंत्याच्याच नावानं गेलं होतं. चार दिवस आधी.

मला त्या दिवशी झालेला आनंद लपवत नाही. मी दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला रामराम घालत होतो आणि न विचारता सांगत होतो की हा फ्रीज बोटीचा आहे. मोठा जावई कपाळाला आठ्या घालून ओट्यावर गेला तो परत आत आलाच नाही.

अकराच्या सुमाराला वसंत्याची आई भिंतीला धरत आली. ऐंशीच्या पुढची, काठीसारखी. फ्रीज आल्यापासून घरातला माठ अडगळीत गेला होता आणि पिंपातलं पाणी कढत होतं. ती सिस्टरना म्हणाली, "घोटभर थंड पानी दे व माय, जीव घाबरा व्हस." सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं नाही. "उघडता येणार नाही," म्हणाल्या. म्हातारी तिथंच खाली बसली. घरात गार पाणी फक्त पितरांच्या घागरीत होतं आणि घागरीची पूजा व्हायची होती. शेवटी सुनेनं डोळे पुसत त्या घागरीत पेला बुडवला. मला त्याचंही काही वाटलं नाही. घे म्हटलं, अजून घे.

एक वाजता मोठे डॉक्टर आले. तोवर ओट्यावरच्या रसाला फेस आला होता. वसंत्या पानं घेऊ नका म्हणून खुणा करत होता, पण सिस्टरनी स्वतःच्या हातानं वाटी भरून त्याच्यापुढे धरली. साऱ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "खा. आंबला तर आंबला, दिसायले तर पिवळाच आहे ना? मी बी अशीच लस टोचली, चाळीस पोरांले. एक मेली." डॉक्टरांनी फ्रीजच्या कडेचा नंबर वाचला. वसंत्याकडे बघितलं. जेवले नाहीत. आमच्याकडे वळून म्हणाले, उचला.

आम्ही नवा चढवला, जुना त्याच्या बैठकीत सोडला. टेम्पोत मी हसून हसून लोळत होतो. दोंडाईच्यापाशी सिस्टरनी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. मग एकदम म्हणाल्या, "म्हातारीला पाणी द्यायला पाहिजे होतं." मी म्हटलं, जाऊ द्या हो. त्या म्हणाल्या, "तुले काय कयते?" आणि पुढे नंदुरबारपर्यंत बाहेरच बघत राहिल्या.

वसंत्याचं काय झालं विचाराल, तर काही झालं नाही. वर्षभरात बढती मिळाली त्याला. म्हणून तर मी हे लिहितोय. धुळ्यातले जुने लोक ओळखतील. ओळखावंच.

नवा फ्रीज हिलालभाऊंनी टायरच्या तुकड्यांवर बसवला. पारा पाच-सहावर स्थिर राहायचा. तोवर गोवर पाहिलेले पाडे पोरं घेऊन यायला लागले. मोगीबाई काठावर यायची, बघायची, पाठ फिरवायची. तिला पुढे मुलगा झाला. तो कडेवर यायला लागला, तरी ती तशीच उभी राहायची. ते पोर टोचल्याशिवाय वाढतंय, हे सिस्टरच्या डोळ्यांत सलायचं. पण त्यांनी तिला कधी हाक मारली नाही. एकदा मी बोलावू का म्हणालो, तर म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं?"

सिस्टरची निवृत्ती आली. त्यांच्या शेवटच्या फेरीला मोगीबाई पहिल्यांदा फळी चढून बोटीवर आली. पोर आठ महिन्यांचं, काळंभोर, हसरं. सिस्टर चटकन हात धुवायला वळल्या. मोगीबाई म्हणाली, "तू नाय." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "तो टोचूदे."

सिस्टरनी हात पुसले. फ्रीज उघडून पारा पाहिला, त्रिगुणी लसीची बाटली काढून माझ्या हातात दिली, आणि फळीवरून उतरून काठावर, तिच्या नजरेआड, उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. मी टोचलं. पोरानं बोट डोक्यावर घेतली. मोगीबाई खाली उतरली, सिस्टरच्या समोरून गेली, बघितलंही नाही.

परतताना सिस्टर मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात त्याले नऊ होतील. गोवराची राहिली." मग फ्रीजचं दार नीट लागलंय का बघितलं. "तिले सांगजो," त्या म्हणाल्या, "मले माफ करू नको म्हना. पन पोराले आनत जा."

पुढच्या महिन्यात बोटीवर सिस्टर नव्हत्या. मोगीबाई आली. मी बाटली काढता काढता निरोप सांगितला, शब्दाला शब्द.

"नाय करनार," मोगीबाई म्हणाली, आणि पोराचा दंड माझ्यापुढे केला.