बिनहाराचा फोटो

खेमूकाका गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, सुनीताचा आला. "मावशी, बाबा गेले. चहा घेतला, पेपर मागितला, आणि पेपर हातात देईपर्यंत..." मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. ऐंशी पार केलेला माणूस अंथरुणाला न खिळता गेला, हे तर झालंच. पण दोन वर्षांपूर्वी ते गेले असते तर छातीवर एक धोंडा घेऊन गेले असते. तो धोंडा उतरला तेव्हा मी शेजारीच बसले होते, म्हणून हे लिहिते आहे.

फाळणीत सिंधमधून निघालेल्या घरातलं हे शेंडेफळ. आईच्या कडेवर बसून कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला आलं आणि तिथल्या निर्वासितांच्या बराकीत वाढलं. वडील कापडाचे तागे घेऊन पार गडहिंग्लजच्या बाजारापर्यंत जायचे. थोरल्या भावांनी पुढं दुकानं थाटली, पण खेमूकाकांना गल्ल्यावर बसवलं की ते पेंगायचे. घरात सिंधी आणि दाराबाहेर असं रांगडं कोल्हापुरी, की नवखा माणूस त्यांचं आडनाव ऐकून चपापायचा. मूळ गाव कुठलं म्हणून कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तांबडा रस्सा वरपतोय की तुमच्याम्होरं, आनि गाव काय इचारता पावणं!" दुकानाला कंटाळून ते फौजेत गेले, गाडीवर ड्रायव्हर झाले. पगारातून एक जुना कॅमेरा घेतला आणि पलटणीतल्या पोरांचे फोटो काढू लागले. फौज सुटल्यावर त्याच वेडापायी त्यांनी कोल्हापुरात, महाद्वार रोडच्या मागच्या एका गल्लीत स्टुडिओ टाकला.

मी शाळेत नव्यानं चित्रकलेची शिक्षिका झाले तेव्हा संध्याकाळी त्यांच्याकडे काळे-पांढरे फोटो रंगवायला जायची. गालाला गुलाबी, शालूला हिरवा, फेट्याला केशरी. ते मला बाई म्हणायचे आणि माझ्या रंगांना नावं ठेवायचे. "म्हातारीला नवरी केलीसा की वो बाई!" त्या दिवसांत स्टुडिओत एक काम नेहमी यायचं. कुणाचा तरी बाप किंवा आजी वारलेली असायची, आणि हयातीत त्यांचा एकही फोटो निघालेला नसायचा. मग घरातलं त्यांच्या तोंडवळ्याचं माणूस आणून बसवायचं, त्याचा फोटो काढायचा, आणि बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या, मिशी, कपाळावरची आठी भरायची. भिंतीवर हार घालायला फोटो तयार! खेमूकाकांचा हात या कामात फार चालायचा. पण घरची मंडळी फोटो बघून "अगदी तेच बसलेत जणू" म्हणत रडायला लागली, की हे गपकन आतल्या अंधाऱ्या खोलीत निघून जायचे. मला वाटायचं, हळवा माणूस आहे... एवढंच.

दिवाळी झाली की दर वर्षी ते कोडोलीला जायचे. फौजेतल्या मित्राची आई तिथं होती. तिला लुगडं आणि मिठाई घेऊन जायचे, आणि परत आले की दोन-तीन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत. आई गेली, तरी मित्राच्या धाकट्या भावाकडे, दत्तूआबांकडे, जाणं सुटलं नाही आणि आल्यावरचं ते गप्प बसणंही सुटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "बाई, कोडोलीला न्या मला. आता ऱ्हायलं तर ऱ्हायलंच." सुनीताच्या नवऱ्यानं गाडी काढली. वाटेत वडगावजवळ चहाला थांबलो, तर हे चहालाही नको म्हणाले. आणि मग त्यांनी मला सांगितलं.

मित्राचं नाव यशवंता. एकाहत्तरच्या लढाईत दोघं एकाच गाडीवर होते. 'आईला वर्दीतला फोटो पायजे' म्हणून यशवंता मागं लागला, यांनी काढला, आणि पुढच्याच आठवड्यात यशवंता कामी आला. त्या रात्री यांना एकच भीती वाटत राहिली, की रोल कॅमेऱ्यात नीट आहे ना. सकाळी ते बघायला म्हणून त्यांनी मागचं झाकण उघडलं. फिल्म गुंडाळून घ्यायची राहिली होती. उजेड आत शिरला आणि यशवंता दुसऱ्यांदा गेला... हे त्यांचेच शब्द. सुट्टीत कोडोलीला गेले तर आईनं आधी फोटोच विचारला. "धुवायला टाकलाय" असं यांच्या तोंडून निघून गेलं. मग दत्तूला गुपचूप कोल्हापुरात आणलं, आपली वर्दी चढवली, ओळखीच्या स्टुडिओत बसवलं आणि त्याच्या कोवळ्या ओठावर पेन्सिलीनं यशवंताची मिशी काढली. आईनं तो फोटो पदरानं पुसला आणि भिंतीवर लावला. पण त्याला हार कधी घातला नाही. दर दिवाळीला खेमूकाका बघायचे, फोटो बिनहाराचाच. म्हणजे आई अजून लेकाची वाट बघते आहे, आणि ही खोटी आशा आपण तिच्या भिंतीवर टांगली आहे, असं त्यांनी धरलं होतं. त्या घरात त्यांना कधी पोटभर जेवण गेलं नाही.

कोडोलीत दत्तूआबा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. डोक्यावर तोच फोटो. तरुण शिपाई आणि त्याच्याखाली सत्तरी उलटलेला तोच चेहरा, फक्त मिशी नाही. खेमूकाकांनी बसल्या बसल्या विषय काढला. "दत्तू, आई माझ्यामुळं खोट्यात गेली रं. हार न्हाय घातला तिनं शेवटपत्तूर. लेक यील म्हणून वाट बघत गेली."

दत्तूआबा म्हणाले, "आवं, खुळं का काय तुमी? तिनं बघितल्या बघितल्या वळखलं हुतं की!"

खेमूकाकांनी वर फोटोकडे बघितलं.

"फोटू लावला, तुमी गेलासा, आनि मला म्हणाली, दत्त्या, ह्यो तू हाईस. मिशी रंगवली म्हणून आई फसतीया व्हय? मी पायच धरलं. तर म्हणाली, खेमूला सांगू नगंस, लाजंनं यायचा बंद हुईल. एक गेलाय, ह्यो तरी येऊ दे."

"आनि हार?"

"जित्या लेकाच्या फोटूला हार घालतंय का कोण? यशवंताचं फूल ती रोज त्याच्या ट्रंकंवर ठेवायची. तुमी त्याच ट्रंकंला टेकून जेवायचासा की!"

"आई गेल्यावर तरी सांगायचंस..."

"तुमी कधी इचारलंसा? मी आपला गप जेवतोय माझ्याच फोटूखाली. सुना म्हणत्यात, आबा, मिशी ठेवा, फोटूत शोभतीया."

खेमूकाकांनी पाणी मागितलं, तांब्या संपवला. मग सोप्यात आवाज घुमेल असं विचारलं, "दत्तू, जेवाय काय हाय?" त्या दिवशी ते तीन भाकरी जेवले. मी त्यांना थांबवायला हवं होतं, डॉक्टरांनी बजावलं होतं, पण कोण थांबवणार! परतीच्या वाटेवर ते गाडीत घोरत झोपले. पुढची दोन वर्षं त्यांनी मला मी रंगवलेल्या गुलाबी गालांवरून मनसोक्त छळलं, आणि दिवाळीनंतर कोडोलीहून आले की तिथल्या जेवणाची वर्णनं ऐकवली. त्या म्हाताऱ्या आईचे मी मनातल्या मनात किती आभार मानले असतील.

बाराव्याला दत्तूआबा एस.टी.नं आले. हातात झेंडूचा हार. सुनीतानं पाटावर खेमूकाकांचा वर्दीतला फोटो ठेवला होता, मीच रंगवलेला. दत्तूआबा हार घेऊन त्याच्यासमोर बराच वेळ उभे. मला वाटलं, त्यांना भरून आलं. तर ते माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, ह्यो खेमूभाऊच हाय न्हवं? का आनि कुणाला बशिवलंय?"

आधी सुनीता हसली, मग सगळं घर हसलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसलं. "त्यांचाच आहे हो," मी म्हटलं. "मग बरं," म्हणून त्यांनी हार घातला, तो नीट मधोमध येईल असा सरळ केला आणि कपाळ टेकून नमस्कार केला.

स्टँडवर त्यांना सोडायला मीच गेले. कोडोलीची गाडी लागली होती. ते चढून बसल्यावर मी विचारलं, आता घरच्या फोटोचं काय करायचं ठरवलंय?

"काय करायचं? ऱ्हाऊ दे की तसाच," दत्तूआबा खिडकीतून म्हणाले. "पोरांस्नी सांगून ठेवलंय. मी गेलो की मगच हार घाला. एकाच हारात दोघा भावांचं भागंल."