भाऊजींचा संध्याकाळचा फोन

फोनवर नाव त्यांचंच होतं, म्हणून उचलल्या उचलल्या मी नेहमीसारखं "या" म्हणाले. पलीकडून बाईचा आवाज आला. "आप वहिनी बोल रही हैं?" तिला वाटलं असावं की वहिनी हे माझं नावच आहे, कारण भाऊजींच्या फोनमध्ये मी तशीच नोंदलेली होते. ती बाई म्हणजे त्यांच्या विद्यापीठातल्या बिझनेस स्कूलच्या नव्या डीन, डॉ. बिश्वास. सर चॅपेलमध्ये, आवारातल्या प्रार्थनाघरात, बसले होते, म्हणाली. दार लावायला गेलेल्या माणसाला वाटलं, डोळा लागलाय... पुढचं तिला बोलवेना आणि मला विचारवेना. "या" म्हणतानाच देवापाशी दिवा लावायला काडेपेटी हातात घेतली होती, ती तशीच घेऊन मी खुर्चीत बसले. आणि खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी डोक्यात आलं ते भलतंच. कामाच्या दिवशी, वर्ग सोडून, भाऊजी चॅपेलमध्ये काय करत होते?

भाऊजी म्हणजे प्रा. सुधाकर भिंगारदिवे. नात्याने आमचे कोणी नव्हेत. आमच्या ह्यांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा बालीगंजच्या बाजारात मासळीवाल्याशी हुज्जत घालताना हे गृहस्थ बायकोला म्हणाले, "एस्तेर, चल गं, हा लुटायलाच बसलाय!" आमचे हे मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावून उभे होते, ते रुमालासकट वळले. "तुम्ही मराठी?" झालं! मासळी राहिली बाजूला, तासभर दोघं चिखलात उभे राहून बोलत होते आणि मी आणि एस्तेर पिशव्या सांभाळत एकमेकींकडे बघत होतो. ते मूळचे नगरचे, ख्रिस्ती. इथल्या एका जुन्या मिशनरी विद्यापीठात शिकवायला आलेले. एस्तेर नर्स. मूलबाळ नव्हतं. पुढे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर जागा रिकामी झाली आणि ती दोघं तिथे राहायला आली. दिवाळीला माझा फराळ वर जायचा आणि नाताळला एस्तेरच्या करंज्या खाली यायच्या. तिच्या करंज्या माझ्यापेक्षा खुसखुशीत असत, हे मी तिला कधी सांगितलं नाही, पण तिला ठाऊक होतं. आडनावाचे मात्र इथे हाल हाल झाले. बंगाल्यांच्या तोंडात भिंगारदिवे मावेना, म्हणून ते सगळ्यांचे "भिंगार सर" झाले. "अर्धं आडनाव विद्यापीठाला दिलं वहिनी, अर्धं घरी ठेवलंय," असं म्हणायचे.

त्यांची एक सवय होती. ऑफिसातून उठताना एस्तेरला फोन करायचा. "एस्तेर, निघालो. भात टाक." बस्स, एवढंच. सियालदहहून गाडी पकडून घरी पोचेपर्यंत भात तयार. आम्ही त्यांना फार चिडवायचो. हे म्हणायचे, "अरे सुधाकर, तू निघालास हे जगाला सांगायलाच पाहिजे का?" त्यावर भाऊजी गंभीरपणे म्हणायचे, "जगाला कोण सांगतंय? भाताला सांगतोय." एस्तेर गेली, ती फार काही न बोलता, थोड्याच दिवसांच्या आजारात. त्यानंतर भाऊजी पहिल्यांदा कामावर गेले त्या दिवशी संध्याकाळी वरच्या घरातला फोन वाजायला लागला. बंद घरात वाजतोय, वाजतोय, थांबत नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. कोण करतंय ते मला कळलं होतं. मग तो थांबला आणि जरा वेळाने आमच्या घरातला वाजला. "वहिनी... निघालो." आवाज ओळखू येत नव्हता. मी म्हणाले, "या. सावकाश या." त्या दिवसापासून तो फोन आमच्याकडे यायला लागला तो येतच राहिला. फोन ठेवला की मी दिवा लावायची, केस विंचरायची, मग चहाचं आधण ठेवायची. पाण्याला उकळी फुटायला आणि दाराची बेल वाजायला एकच गाठ पडायची. चहा घ्यायचा, ह्यांच्याशी क्रिकेटवरून भांडायचं आणि वर जायचं.

त्याच सुमारास त्यांच्या बिझनेस स्कूलचे डीन दुसऱ्या शहरात मोठ्या जागेवर गेले आणि भाऊजींना प्रभारी डीन केलं. प्रभारी म्हणजे काय, तर काम सगळं करायचं आणि दारावर पाटी लावायची नाही. दर बैठकीनंतर मी विचारायची, "झालं का हो कायम?" ते म्हणायचे, "पुढच्या बैठकीत." मला संताप यायचा. इतकी वर्षं हाडाची काडं केलीत, जरा तोंड उघडा की! ते हसायचे. गंमत म्हणजे ते पोरांना शिकवायचे काय, तर कंपनीत एका माणसानंतर दुसरा माणूस कसा आणावा. खुर्चीत बसल्या दिवसापासून खुर्ची सोडायची तयारी करावी, हा त्यांचा आवडता धडा. एकदा मात्र मी फारच टोचून बोलले तेव्हा कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, मला पाटी नको. सकाळी जायला आणि संध्याकाळी निघायला एक जागा असली की पुरे. वर काय आहे? चार खुर्च्या आणि एस्तेरचा फोटो."  त्यानंतर कधी पाटीचं काढलं नाही.

मग आमचे हे गेले. मुलगी मुक्ता बेंगळुरूला, तिची नोकरी, तिची दोन पोरं. ती तेराव्यानंतर आठवडाभर राहिली आणि गेली. तिने "आई, तिकडे चल" म्हटलं, मी नाही म्हटलं. का ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या दिवसांत मी स्वयंपाकघरात जायचेच नाही. सकाळचं दूध फ्रिजमध्ये, भाजी पिशवीतच सुकलेली. अंगावर कालचीच साडी. पण संध्याकाळी फोन यायचा. "वहिनी, निघालो." आता हा माणूस दमूनभागून येणार, ह्याला चहा तरी द्यायला हवा, म्हणून मी उठायची. एकदा मी त्यांना बोलून गेले, "भाऊजी, तुमचा फोन येतो म्हणून गॅस पेटतो हो ह्या घरात. नाहीतर सकाळ काय नि संध्याकाळ काय, मला सगळं सारखंच." ते बशीतला चहा प्यायले आणि बशी स्वतः विसळून ठेवली. असलं काम त्यांनी आमच्याकडे कधी केलं नव्हतं.

यथावकाश नव्या डीनची नेमणूक झाली. मी टाहो फोडायच्या तयारीत होते, पण भाऊजी स्वतः बातमी घेऊन आले ते खुशीत. बिश्वासबाई त्यांचीच विद्यार्थिनी. "माझा धडा कोणीतरी नीट शिकलं म्हणायचं!" त्यांच्याकडे ह्या बदलाचा एक विधी असतो, त्याला मला आग्रहाने घेऊन गेले. चॅपेलमध्ये सगळे जमले होते, बिशप होते, पोरांनी गाणी म्हटली. मग भाऊजींनी त्या बाईचा हात धरून तिला दारापासून वेदीपर्यंत नेलं. तिथे तिच्यासाठी प्रार्थना झाली. आणि मग... हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं... जाणाऱ्याने एकट्याने मधल्या वाटेने परत मागे यायचं आणि शेवटच्या बाकावर बसायचं. तशी तिथली जुनी रीत आहे. सगळे पुढे बघत उभे होते आणि भाऊजी त्यांच्या पाठीमागून, काळ्या कोटात, हळूहळू मागे येत होते. मला भडभडून आलं. ते माझ्या शेजारी येऊन टेकले आणि कानात म्हणाले, "बघा, आमच्याकडे उतरलेल्यालाही बसायला जागा देतात. मागची का होईना." विद्यापीठाच्या महिन्याच्या वार्तापत्रात नेतृत्वबदलाची बातमी आली, त्यात भाऊजींच्या नावावर एक ओळ होती, आभाराची. मी चिडले. ते म्हणाले, "अहो, नाव बरोबर छापलंय, पूर्ण भिंगारदिवे! अजून काय पाहिजे?"

त्यांना ग्रंथालयाशेजारी एक लहानशी खोली दिली होती आणि आठवड्याला दोनेक तास. रोज सकाळी पोळीभाजीचा डबा माझ्याकडून घेऊन निघायचे, संध्याकाळी फोन, मग चहा आणि वर्गातल्या गमती. कुणी एका पोरीने विचारलं, सर, मालकाचा मुलगा बिनकामाचा असेल तर कंपनीने काय करावं? कुणी पोरगा परीक्षेत उत्तराऐवजी कविता लिहून आला. मी हसून हसून बेजार व्हायची. मुक्ताला फोनवर सांगायची, "अगं, आज भाऊजींच्या वर्गात काय झालं माहितेय?" त्या गमती ऐकायच्या म्हणून मी चहाबरोबर काहीबाही करायलाही लागले होते. कधी थालीपीठ, कधी सांजा.

दफनाला नगरहून पुतण्या आला होता. प्रार्थना इंग्रजीत आणि बंगालीत झाली. मूठभर माती टाकून मी बाजूला उभी राहिले तेव्हा बिश्वासबाई माझ्याजवळ आली. लहान चणीची, रडून डोळे सुजलेले. मी तिला तेच विचारलं, जे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. वर्ग सोडून सर चॅपेलमध्ये कसे? ती मग म्हणाली, बिझनेस स्कूल तर दुर्गापूजेच्या आधीच शहराबाहेरच्या नव्या इमारतीत गेलं. जुन्या आवारात आता नुसती कार्यालयं आहेत आणि चॅपेल आहे. सरांचे तास तेव्हाच संपले, खोलीही गेली. "सरांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

नाही सांगितलं! एवढा देवभीरू माणूस, रविवार न चुकवणारा, महिनोन् महिने माझ्यासमोर बसून धादांत खोटं बोलत होता, आणि ते खोटं रचत कुठे होता, तर चॅपेलमध्ये बसून! ती पोरगी, तो कवितावाला, ते सगळं कुठून काढलं? जुन्या वर्गांतलं आठवून आठवून सांगत होते की मनचंच? मला इतका राग आला, इतका राग आला, की तिथे त्या मातीसमोर उभी राहून मी त्यांना मनात यथेच्छ बोलून घेतलं. मला वाटलं, भाऊजींना लाज वाटली असेल, काम गेल्याचं कुणाला कळू नये म्हणून हे सोंग. तसं मी बाईला म्हणालेही. तिने मान हलवली. म्हणाली, ती एकदा कामासाठी जुन्या आवारात आली असताना तिने त्यांना मागच्या बाकावर डबा उघडून बसलेलं पाहिलं होतं. "सर, ह्या वयात रोजची धावपळ कशाला करता? घरी आराम करा ना," असं ती म्हणाली, तेव्हा भाऊजींनी तिला बंगालीत सांगितलं, "बाडीते बोशे की कोरे बोली, बेरोलाम?" घरात बसून 'निघालो' कसं म्हणू? आणि मग म्हणाले, "खालच्या मजल्यावर एक जण फोनची वाट बघते. तो फोन आला नाही तर ती चहासुद्धा करायची नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी इतकी वर्षं समजत होते की एकट्या माणसाला कोणीतरी "या" म्हणायला हवं, म्हणून मी तो फोन घेते...

परवा मी त्या चॅपेलमध्ये जाऊन आले. रखवालदाराने ओळख नसताना आत सोडलं. मागचा बाक भिंतीला लागून आहे, खिडकीतून ट्रामच्या जुन्या रुळांचा तुकडा दिसतो, दुसरं काहीच नाही. वर पंखाही नाही. उन्हाळ्यातले दिवसच्या दिवस ते इथे बसले असतील, मांडीवर पिशवी घेऊन, आज वहिनींना कोणती गंमत सांगावी ह्याचा विचार करत. दार लावायची वेळ झाली तशी मी उठले आणि पायऱ्यांवर येऊन उभी राहिले. हातात फोन होता. निघाले म्हणून कोणाला सांगणार? मुक्ता त्या वेळी मीटिंगमध्ये असते.

ह्या महिन्याचं वार्तापत्र आलंय. ते अजून माझ्या मेलवर येतं, भाऊजींनीच चालू करून दिलं होतं. नव्या इमारतीचे फोटो आहेत, परदेशी पाहुणे आहेत, आणि खाली भाऊजींच्या निधनाची बातमी. आडनाव चुकलंय. भिंगार एवढंच छापलंय, उरलेलं राहिलं.

बाकी ठीक आहे. बिश्वासबाई एकदा येऊन गेली, मुक्ता रविवारी फोन करते. वरचं घर पुतण्याने कुलूप लावून ठेवलंय. मी वेळेवर उठते, साडी बदलते, दोन घास खाते. तेवढं केलं नाही तर त्या बाकावर बसलेल्या माणसाला काय तोंड दाखवू? फक्त संध्याकाळी घोटाळा होतो. दिवा लावून, केस विंचरून मी ओट्यापाशी जाऊन उभी राहते, पातेल्यात पाणी घेते, आणि आधण कधी ठेवायचं तेच मला कळत नाही.