शाळेला पेटी मिळते तेव्हा

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघरात झाकणं जमतात तसे ते जमतात. डबे कधी गेले ते कळत नाही आणि झाकणं मात्र टाकवत नाहीत. माझ्याकडची ही झाकणं आमच्या वाडीच्या शाळेच्या शिक्षण समितीतली आहेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी त्या समितीवर चढले आणि पुढे कितीतरी वर्षं मला उतरताच आलं नाही.

चढले म्हणजे काय, माझ्या लेकीची, मुक्ताची, विसरलेली पाण्याची बाटली द्यायला शाळेत गेले होते. आत बैठक चालली होती. गुरुजींनी रजिस्टर पुढे केलं. "ताई, तुमी शिकलेल्या. हितं सही करा." मी केली. मग विचारलं, कशाची?

"समितीत एक आई लागती. वरून कागद आलाय तसा," अध्यक्ष दत्तूभाऊ म्हणाले. त्यांची द्राक्षबाग होती आणि बोलणं त्याहून मोठं होतं.

"मला घरी विचारायला हवं."

"सही झाली की ताई. आता निवांत इचारा."

*

त्या दिवशीचा दुसरा कागद होता शाळेत वाद्य शिकवण्यासाठीच्या सरकारी निधीचा. तो ऐकला नसता तर मी राजीनामा देऊन आले असते, असं मी अजून स्वतःला सांगते.

कारण मुक्ता. तिसरीत होती, पण परक्या माणसासमोर शब्द काढत नसे. नाव विचारलं तरी माझ्या पदराकडे बघायची. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. सासूबाई म्हणाल्या, पोपटानं टोचलेला पेरू द्या. मी दोन्ही दिलं. फरक पडायचा तो फक्त देवळात. भजनी मंडळाचे किसनबाबा पेटी वाजवायला बसले की ही जाऊन चिकटायची आणि गुणगुणायची. चारचौघांत! बाबांनी तिला शाळेच्या प्रार्थनेची चाल बोटांत बसवून दिली होती. पण मंडळाची पेटी एकादशीला निघायची, बाकी दिवस कुलपात. शाळेत पेटी आली, रोज तास झाला, तर पोर बोलती होईल असं माझ्या मनानं घेतलं.

कागद मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे आलं. ज्या शाळेत संगीतशिक्षक आहे तिलाच वाद्य मिळणार. आणि संगीतशिक्षकाचं मानधन कुणाला? ज्या शाळेत वाद्य आहे तिला. मी दोनदा वाचलं. माझंच चुकत असेल म्हणून तिसऱ्यांदा वाचलं.

"मांडव पडल्याबिगर नवरी न्हाई, आन् नवरी आल्याबिगर मांडव न्हाई," गुरुजी म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटलंच नव्हतं.

दत्तूभाऊंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आमच्या पटांगणातून दिसतात. "आभाळ ऐकायला एवढाल्या पराती मांडल्यात, राव. आन् साळंत वाजवायला एक पेटी न्हाई."

*

तोड निघाली. किसनबाबांना फुकटात संगीतशिक्षक करायचं. अर्ज मी भरत होते. शैक्षणिक पात्रता?

"चौथी नापास," बाबा म्हणाले.

"बाबा, नापास कसं लिहू?"

"मग लिवा, चौथीपत्तुर. त्याच्याम्होरं साळा तरी कुठं जाती तुमची?"

*

अर्जाची तपासणी जानेवारीत ठरली. मुक्ता तेव्हा चौथीत होती. निधीचं वाटप पटावर होतं. आमच्या पटावर मुलं होती, वर्गात नव्हती. मेंढरंवाल्या घरांची पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर घाट उतरून कोकणात जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तपासणीला आलेल्या साहेबांनी डोकी मोजली, पट बघितला, पुन्हा डोकी मोजली.

"मेंढरांसंगं गेल्यात साहेब," दत्तूभाऊ म्हणाले. "तुमी दिवाळीच्या आदी आला असता तर समदी व्हती."

"दिवाळीच्या आधी आमच्याकडे निधी नसतो," साहेब म्हणाले. "आणि मार्चनंतर तो उरत नाही. तुमच्या मेंढ्यांना जानेवारीत थांबायला सांगा."

शाळेत संगीत चालू आहे हे दाखवायला मंडळाची पेटी आणून ठेवली होती. तिच्या एका पांढऱ्या पट्टीला चिकटपट्टी लावलेली. मुक्तानं प्रार्थना वाजवली. साहेबांनी नाव विचारलं. तिनं माझा पदर बघितला. साहेबांनी फायलीत काहीतरी लिहून घेतलं आणि मी रात्रभर ते काय असेल याचा विचार करत राहिले.

*

त्याच दिवशी पुढच्या वाडीच्या शाळेचीही तपासणी होती आणि त्यांनीही मंडळाचीच पेटी मागितली होती. बाबांना नाही म्हणणं जमत नसे. साहेब निघाल्यावर पेटी मागच्या वाटेनं रस्त्यावर नेऊन नारायणगावच्या जीपमध्ये चढवली. मीही बसले, सोबत हवी म्हणून. जीप भरली तरी ड्रायव्हर हलेना, अजून एक पावणं येत्यात म्हणे. पावणं आले ते साहेब. त्यांची मोटरसायकल पंक्चर झाली होती.

जागा एकच होती, पेटीच्या शेजारी. ड्रायव्हरनं पेटी उचलून सरळ साहेबांच्या मांडीवर ठेवली. "धरा जरा, साहेब."

मी बाहेर द्राक्षबागा बघत होते. इतक्या निरखून मी त्या कधीच बघितल्या नव्हत्या. बऱ्याच वेळानं साहेबांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

"ही पुढच्या शाळेची ना? बरं झालं. ओळख आधीच झाली."

*

उन्हाळ्यात मंजुरी आली. पण मिळाली ती अर्धी तबलाजोडी. पेट्या मोठ्या पटाच्या शाळांना गेल्या, आणि उरलेल्या वाद्यांचं समान वाटप झालं. कुणीतरी तबला-डग्ग्याची जोडी दोन नग म्हणून मोजली होती. दोन नग, दोन शाळा. डग्गा आम्हाला, तबला पुढच्या वाडीला.

मी भाबडेपणानं म्हटलं, एका शाळेनं दुसरीला देऊन टाकावा. दोन्हीकडचे गुरुजी बसले, चहा झाला, दत्तूभाऊ स्थळ जमवावं तसे मध्ये बोलले. पण नग रजिस्टरवर चढला होता. उतरवायला वरची परवानगी हवी, आणि परवानगी मागायची तर आधी चूक कुणाची ते लिहायला हवं. कुणी लिहीना.

"ऱ्हाऊ द्या," किसनबाबा म्हणाले. "त्यांनी तिकडं तबला वाजवायचा, आपन हितं डग्गा. वारं असलं की जमंल."

मुक्ता चौथी पास झाली आणि नारायणगावच्या हायस्कूलला जाऊ लागली. तिथे संगीत नव्हतं. मी तिला सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "असू दे गं." घरात ती बोलायचीच.

*

पुढच्या एका वाटपात पेटी आली तेव्हा मुक्ता सहावीत होती.

नारळ फुटला. बायकांनी पट्ट्यांवर हळदकुंकू वाहिलं, ते नंतर बाबांनी दोन दिवस फुंकून काढलं. मग गुरुजींनी पेटी गोणपाटात बांधून कपाटात ठेवली. काही मोडलं तर पगारातून कापतील, ही त्यांची धास्ती. "वाजवली की खराब हुती, ताई," ते म्हणाले. मुलं एकादशीसारखी महिन्यातून एकदा तिचं दर्शन घ्यायची. बाबांचं मानधन मंजूर झालं नव्हतं, आणि त्यांना किल्ली मिळत नव्हती.

मग कागद आला. वापर बघायला साहेब येणार. वापर नसेल तर पेटी दुसऱ्या शाळेला. शाळेतल्या एकाही पोराला सा कुठं असतो ते माहीत नव्हतं.

दत्तूभाऊ घरी आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "ताई, मुक्ताला एक दिस चौथीत बसवा."

मी नाही म्हटलं. मग म्हटलं, साहेब गेल्यावर कपाट उघडं राहणार असेल, किल्ली बाबांकडे जाणार असेल, तर. गुरुजींनी देवाची शपथ घेतली. हे बरोबर केलं का, हे मी अजून ठरवलेलं नाही. मुक्ताला विचारलं तर तिनं नुसती मान हलवली. मी तिच्या जुन्या निळ्या स्कर्टची दुमड उसवून खाली सोडली. जिथे दुमड होती तिथे गडद निळी रेघ राहिली, ती इस्त्रीनं जाईना.

साहेब तेच होते. चौथीच्या पोरांत मुक्ता मांडवाच्या मेढीसारखी उंच दिसत होती. तिनं प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, पोरं गायली. बाबा दाराशी उभे राहून बोटं हलवत होते. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग उघडले.

"कितवीत आहेस?"

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी कपाटाकडे बघत होते. मुक्तानं या वेळी माझ्याकडे बघितलंच नाही.

"चौथीत."

साहेबांनी फाईल उघडली, मागची पानं चाळली, तिच्या स्कर्टवरची रेघ बघितली. "दोन वर्षांपूर्वी मी आलो होतो. तेव्हाही तू चौथीतच होतीस."

मी पदर घट्ट धरला होता. मुक्ता उभी राहिली.

"हो साहेब," ती म्हणाली. "पेटी यायची होती ना."