बाईंचा काळा वाडगा

"बूट इथे. मोबाईल टोपलीत. घड्याळ टोपलीत. जीभही तिथेच ठेवलीत तर उपकार होतील."

आपल्या गॅरेजच्या दारात उभ्या राहून बाई हे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या आमच्या क्लोजमध्ये, म्हणजे बंद गल्लीत, गॅरेजात गाडी सोडून बाकी सगळं ठेवायची पद्धत होतीच. मोडकी सायकल, ख्रिसमस ट्री, भारतातून आणलेल्या रिकाम्या बॅगा. बाईंनी तिथे जपानी चटया अंथरल्या होत्या, भिंतींना मातकट रंग दिला होता, आणि आत शिरायला एवढंसं दार ठेवलं होतं, की माणूस कितीही मोठा असो, त्यानं गुडघ्यांवरच यावं. गाडी कायम बाहेर. जानेवारीत सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना त्या जे बोलायच्या ते लिहिण्यासारखं नाही.

बाई म्हणजे डॉक्टर. मूळ पुण्याच्या, भूलतज्ज्ञ, इथल्या हॉस्पिटलांत तीस वर्षं काढून रिटायर झालेल्या. "तीस वर्षं इंजेक्शन देऊन माणसं गप्प केली," त्या म्हणायच्या, "आता चहा देऊन करते." नवरा गेलेला, मुलगा लंडनला. दर शनिवारी दोन-तीन जणांना बोलावून त्या जपानी रीतीचा चहा करायच्या. तो चहा म्हणजे हिरवी पूड, गरम पाणी आणि बांबूच्या कुंचल्यानं घुसळणं. एवढ्यासाठी दीड तास.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना अर्थातच हे झेपलं नाही. मंडळाचे अध्यक्ष एकदा आले, मांडी घालून बसले आणि पहिल्याच घोटाला म्हणाले, "डॉक्टर, साखर मिळेल का जरा?" बाईंनी त्यांच्या हातातून वाडगा काढून घेतला. "मिळेल ना. तुमच्या घरी मिळेल." अध्यक्ष महिनाभर सगळ्यांना सांगत हिंडत होते, की बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. तोंड उघडलं की समोरचा गार. मला त्या आवडायच्या, कारण मीही तापटच आहे, आणि हेसुद्धा मी रागातच लिहिते आहे. राग कुणावर आहे ते येईलच पुढे.

मी तेव्हा नवीन होते इथे. ऑफिसात टेस्टिंगचं काम, घरी नवरा आणि त्याचा टीव्ही. पहिल्या शनिवारी बाईंनी वाडगा पुढे ठेवला आणि मी म्हटलं, "वा, किती छान!"

"प्यायलीस?"

"नाही अजून."

"मग कशाला छान? आधी बघ."

हे "आधी बघ" त्यांचं पालुपद होतं. मी बघायला लागले. रेशमी फडक्याची घडी त्या कशा घालतात, पळी कशी धरतात. इतक्या चिडक्या बाईचे हात इतके शांत कसे, हे मला कधीच कळलं नाही. तीन-चार महिन्यांनी एकदा त्यांनी उकळत्या किटलीत पळीभर गार पाणी ओतलं, आणि इतका वेळ चाललेला सूं आवाज एकदम थांबला. सगळं गॅरेज थांबल्यासारखं वाटलं. मी काही बोलले नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. आता ये दर शनिवारी."

हे सगळं त्या शिकल्या लंडनमधल्या ईलिंगला, एका जपानी बाईंकडे. त्यांना त्या सेन्सेई म्हणायच्या, म्हणजे गुरुजी. अठरा वर्षं, दर गुरुवारी, सुट्टी टाकून, ट्रेनने युस्टन आणि पुढे ट्यूब. मी विचारलं, "कधी चांगलं म्हणाल्या का तुम्हाला?"

"छे. 'पुन्हा' म्हणतात. अठरा वर्षं 'पुन्हा'." आणि मग जरा थांबून, "एकदा 'चांगलं' म्हणावं त्यांनी. मरायच्या आधी एकदा." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकुलती एक मागणी.

सेन्सेईंनीच त्यांना तो काळा वाडगा दिलेला. हाताने घडवलेला, खडबडीत, जरा वाकडा. मला तर पहिल्यांदा तो जळका वाटला होता. बाई तो फक्त खास दिवशी काढायच्या.

आणि तो दिवस आला. सेन्सेई चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या आणि कायमच्या जपानला, पुतण्याकडे परत निघाल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी कळवलं, की एकदा तुझ्या घरी चहाला येते. अठरा वर्षांत पहिल्यांदा गुरू पाहुणी आणि शिष्या यजमान. रविवार ठरला. दुसरी पाहुणी म्हणून बाईंनी मला घेतलं. "मीच का?" विचारलं, तर म्हणाल्या, "तुला काही येत नाही, म्हणून तू बोलणार नाहीस. मला गप्प बसणारं माणूस हवंय."

शनिवारी रंगीत तालीम झाली, त्याच काळ्या वाडग्यात. संपली आणि फोन वाजला. सेन्सेईंचाच, ट्रेनची वेळ विचारायला. बाई घरात गेल्या. मी सामान उचलून गॅरेजामागच्या छोट्या सिंकपाशी नेलं.

आता आमच्या घरचं वळण असं, की दुसऱ्याकडे खाल्लं-प्यायलं तर उष्टं भांडं तसंच टाकून उठायचं नाही. "असू दे, असू दे" म्हणणाऱ्या यजमानीणबाईला बाजूला सारून विसळून टाकायचं. त्यात मला दिसलं, की वाडग्याच्या आत, तळाशी, जुना हिरवट थर बसलाय. वाटलं, एकट्या राहतात, वय झालं, घासायला होत नसेल. मला दया आली हो त्यांची. मी त्यात वॉशिंग-अप लिक्विड ओतलं, लिंबाचं, आणि स्पंजच्या खरखरीत बाजूनं तो थर खसाखसा घासून काढला. वर गरम पाण्यात भिजतही ठेवला, चांगला अर्धा तास.

बाई आल्या. त्यांनी वाडगा उचलला, नाकाशी नेला. ती कच्ची भाजलेली माती होती. तिनं साबण पिऊन टाकला होता. तो हिरवट थर म्हणजे अठरा वर्षांचा चहा होता, आणि त्याआधी सेन्सेईंच्या घरचा त्याहून जुना.

मी वाट बघत उभी राहिले, आता सुरू होतील म्हणून. साखर मागितली म्हणून अध्यक्षांना हाकलणारी बाई ही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या अकराला ये. पांढरे मोजे घाल."

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा वाडगा सिंकमध्ये गरम पाण्यात होता. कितव्यांदा पाणी बदललं होतं कोण जाणे. मी वाकून वास घेतला. लिंबू.

"दुसरा वाडगा घेऊ," बाई म्हणाल्या. "चल, आत जाऊन बस."

सेन्सेई आल्या. एवढीशी बाई, पण त्या दारातून गुडघ्यांवर अशा आत आल्या, की मला आपोआप ताठ बसावंसं वाटलं. बाईंनी चहा केला. मी वर्षभर पाहिलेला, पण त्या दिवशी जसा केला तसा कधी पाहिला नव्हता. एक हालचाल जास्त नाही, एक कमी नाही. गार पाणी पडलं, किटली गप्प झाली, आणि सेन्सेईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आज म्हणतात. आज नक्की म्हणतात.

त्या चहात एक रीत आहे. पिऊन झालं, की मुख्य पाहुण्यानं भांड्यांची चौकशी करायची. हे कुठलं, कुणी घडवलं. यजमानानं उत्तर द्यायचं. सेन्सेईंनी रिकामा वाडगा हातात फिरवून पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, "माझा काळा कुठे आहे?"

बाईंनी दोन्ही हात चटईवर टेकले. "मी तो साबणाने धुतला, सेन्सेई."

मी म्हणजे बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सेन्सेईंनी हातातला वाडगा आणखी एकदा फिरवला. मग म्हणाल्या, "अठरा वर्षं. आणि वाडगा धुता येत नाही." आवाज चढवला नाही. वाडगा खाली ठेवला, वाकून नमस्कार केला, आणि आल्या तशा गुडघ्यांवर बाहेर गेल्या. 'पुन्हा'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

आणि मी? मी पांढरे मोजे घालून बसले होते. एक वाक्य होतं फक्त. "मी धुतला." पाहुण्यानं मधे बोलायचं नसतं, जीभ दारात ठेवायची असते, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. मी घाबरले. मला त्या म्हातारीसमोर गावंढळ दिसायचं नव्हतं. बस, एवढंच.

टॅक्सी राउंडअबाउटला वळेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या. मग मी चिडले त्यांच्यावरच. म्हटलं, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझं अंगावर घ्यायला? मी काय लहान आहे?"

"यजमान मी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात पाहुणी भांडी घासते आणि मी फोनवर बोलत बसते. चूक कुणाची?" आणि आत जाऊन चटया झाडायला लागल्या.

पुढं त्यांनी कधीही तो विषय काढला नाही. कप तिरका धरला म्हणून मला झापायच्या, दोन मिनिटं उशीर झाला म्हणून झापायच्या. त्याबद्दल एक अक्षर नाही. हाच माझा राग आहे. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला खडसावायला हवं होतं. सेन्सेईंना खरं कळवायला मी ईलिंगचा पत्ता, जपानचा पत्ता, काही मागितलं नाही. उद्या लिहू पत्र, असं म्हणत दोन वर्षं गेली, आणि सेन्सेई गेल्याचं कळलं. पुढच्या हिवाळ्यात बाईही गेल्या, ज्या हॉस्पिटलात लोकांना झोपवलं तिथेच.

मुलगा घर रिकामं करायला आला. इथेच जन्मलेला, चांगला मुलगा. गॅरेजातल्या चटया बाहेर कचऱ्याच्या स्किपमध्ये पडल्या होत्या. त्यानं मला एक खोका दिला.

"आई बोलली, हे वाडगा तुला द्यायची."

"अजून काही म्हणाल्या?"

"हो. बोलली, 'तिलाच दे. तिला घासता येतं.'" तो ओशाळून हसला. "मला मीनिंग नाही माहीत. सॉरी."

मला अर्थ माहीत होता. मी तिथेच, त्यांच्या घरासमोरच्या ड्राइव्हवर, मोठ्यांदा हसले आणि मग रडले, आणि तो बिचारा पाणी आणायला धावला.

शनिवारी नवरा बाहेर गेला, की मी मोबाईल टोपलीत टाकते. किटली ठेवते. काळ्या वाडग्यात गरम पाणी ओतते आणि नाकाशी नेते. लिंबाचा वास येतो. मग ते पाणी टाकून देते आणि पुन्हा ओतते.