‘मोकळा’ म्हणायचं राहिलं

आमचे हे लाकडाच्या वखारीत राखणदार. घरात त्यांचं कोणी ऐकत नाही, मी तर मुळीच नाही! पण वखारीतला भुऱ्या कुत्रा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. ‘बस’ म्हटलं की बसायचा आणि हे ‘मोकळा’ म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही. "कुत्र्याला धनी एकच हवा," हे मिशीवरून हात फिरवत सांगायचे. दुसऱ्या कोणाच्या हाकेला भुऱ्याने नुसते कान टवकारले, तरी त्याला दटावायचे. मी म्हणायचे, "अहो, कुत्रा आहे तो, शिपाई नव्हे." पण पालथ्या घड्यावर पाणी!

त्या दिवशी ह्यांनी भुऱ्याला फाटकाशी बसवलं आणि शेठनी हाक मारली म्हणून ऑफिसात गेले. तिथं चहा आला, गप्पा रंगल्या, आणि भुऱ्या डोक्यातून पार गेला. बाहेर फळ्यांचा ट्रक मागे मागे येऊ लागला. हमाल घसा फोडून ओरडत होते, "ऊठ, ऊठ रे!" भुऱ्या ऑफिसच्या दाराकडे बघत बसून राहिला. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही, हे ह्यांनीच तर शिकवलं होतं. मागचा पाय चाकाखाली गेला.

प्लास्टर घालून त्याला घरी आणलं. मी दुधात पाव कुस्करून पुढे ठेवला, चुचकारलं, पण तो तोंड लावेना. ह्यांचा हुकूम नव्हता ना! आणि हे भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या हुकमापायीच पाय मोडला त्याचा."

माझं डोकंच फिरलं. "तुमचं रडगाणं त्याला कळतंय का? उपाशी मारणार आहात त्याला?"

तसे हे उठले, त्याच्यासमोर फरशीवर बसले. पण ‘खा’ म्हणायचं सोडून तोंडून निघालं, "मोकळा. मोकळा रे बाबा, मोकळा." फाटकाशी म्हणायचा राहून गेलेला शब्द!

भुऱ्या प्लास्टरचा पाय ओढत, कण्हत उभा राहायला लागला.

"नको, नको!" करत ह्यांनी त्याला कवेत घेतलं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी कसेबसे "खा" म्हणाले. भुऱ्याने वाडगं चाटूनपुसून साफ केलं.

मग मी ह्यांचं ताट वाढलं. "जेवा आता," म्हटलं. ऐकलं नाही; हे भुऱ्याशेजारी फरशीवरच बसून राहिले.